काट्यावरची तारीख

लाइट आली तसं कमलबाईनं कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. बाहेर वजनकाट्यावर कापसाचा ट्रॅक्टर कधीचा उभा होता.

"अक्का, झालं का?" ट्रॅक्टरवाल्यानं खिडकीतून तोंड आत घातलं.

"दम धर. याला अजून कोणतं साल चालू हाय तेच माहीत न्हाई."

"मंग पाठवा आमच्या गावच्या शाळंत."

"तुमच्या शाळंत गेलं तर हाय ते बी विसरंल."

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. तारीख नाही, वेळ नाही, पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा. तिनं दाबलं. थोड्या वेळानं कोपऱ्यात १ जानेवारी २००९ अशी तारीख दिसली. कमलबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून आजची तारीख घातली, हातातल्या घड्याळावरून वेळ घातली आणि मगच वजनाचं काम सुरू केलं.

मानवतच्या बाहेर, परभणी रस्त्यावर योगीराजचा भुईकाटा आहे. तिथला हा कॉम्प्युटर एका बँकेनं काढून टाकलेला. काळा, चपटा, लहानसा डबा. आडवा ठेवला की त्याच्यावरच पडदा बसतो. त्याच्या पाठीला नऊ टाचण्यांचं जुन्या पद्धतीचं तोंड आहे आणि काट्याची वायर त्यातच बसते. दोन वर्षांपूर्वी योगीराजनं नवा कोरा कॉम्प्युटर आणला होता. त्याला ते तोंडच नव्हतं. मधे दुसरी जोडणी लावून बघितली, तर ट्रक उतरून गेला तरी पडद्यावर वजन तसंच. शेवटी नवा कॉम्प्युटर योगीराजच्या मुलीकडं, सृष्टीकडं, अभ्यासाला गेला आणि जुना डबा परत टेबलावर आला.

कापसाच्या हंगामात त्याच्या पंख्यात तंतू जातात. दर रविवारी कमलबाई झाकण काढते. त्याला स्क्रू नाहीत, खटका ओढला की निघतं. रंगाच्या ब्रशनं ती आतलं सगळं झाडून घेते. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावते, पण पंख्याच्या जाळीपासून लांब. तारीख धरून ठेवायला आत बटणाएवढा सेल असतो. तो दोनदा बदलला. महिन्यात परत मेला. परभणीचा दुरुस्तीवाला म्हणाला, "बोर्डच सेल खायलाय. याला विलाज न्हाई." तेव्हापासून लाइट गेली की तारीख जाते आणि कमलबाई ती परत घालते.

सोळा वर्षांपूर्वी ती इथं आवार झाडायला आली. तेव्हा ती पगाराला अंगठा द्यायची. बेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात ती मराठी अक्षरं शिकली. इंग्रजी अक्षरं शिकली ती ट्रकांच्या पाट्यांवरून. काट्यावरचा माणूस सोडून गेला तेव्हा योगीराज म्हणाला, "मावशी, चार दिवस बसून बघ." ते चार दिवस काही संपले नाहीत. पावतीच्या खाली सहीची रेघ असते. तिथं ती पूर्ण नाव लिहिते, कमल सिताराम, घाई असली तरी.

एकदाच तिची चूक झाली. लाइट येऊन-जाऊन होती, रांग मोठी होती, तारीख घालायची राहून गेली. अकरा पावत्या दोन हजार नऊ सालच्या निघाल्या आणि खरेदी केंद्रावरून अकरा शेतकरी परत आले. काही भांडले, काही नुसते निघून गेले. कमलबाईनं सगळ्यांची नावं काढली. दोन दिवस एसटीनं फिरली, प्रत्येकाच्या दारात जाऊन पेनानं तारीख दुरुस्त केली आणि शेजारी सही केली. पेडगावात एका म्हातारीनं तिला आधी शिव्या दिल्या आणि मग जेवायला वाढलं.

दुपारी आबासाहेबांची जीप आली. मागं त्यांचा भरलेला ट्रक होता. आबासाहेब सोयाबीनचे मोठे व्यापारी. योगीराज स्वतः त्यांच्याबरोबर खिडकीशी आला.

"मावशी, एवढं करून दे."

"चढवा गाडी."

"गाडी चढलीच हाय. फकस्त नंबर दुसऱ्या गाडीचा टाकायचा. आन् तारीख मागच्या गुरुवारची."

कमलबाईचा हात थांबला. गुरुवारी काय झालं ते सगळ्या मानवतला माहीत होतं. आबासाहेबांचा दुसरा ट्रक पेडगावजवळ उलटला होता. ड्रायव्हर नागेशच्या खांद्याचं हाड मोडलं. नागेश म्हणत होता, गाडीत एकशेवीस पोती होती. आबासाहेब म्हणत होते दोनशे, ऐंशी यानंच वाटेत उतरवली. गाडी त्या दिवशी वजन न करताच गेली होती, म्हणून पावती कुणाकडंच नव्हती. आणि आज काट्यावर उभ्या असलेल्या ट्रकात बरोबर दोनशे पोती होती.

"गुरुवारी ती गाडी आली न्हाई," कमलबाई म्हणाली.

आबासाहेब हसले. "आली व्हती, बाई. तुमच्या ध्यानात न्हाई."

"वय झालंय, नसंल बी ध्यानात. पर पावतीचा नंबर? तो तर आजचाच पडंल."

"नंबर कोण बघतंय?"

"नागेशची बायको बघंल. ती माझ्यावानी उशिरा न्हाई शिकली."

आबासाहेब योगीराजकडं वळले. "तुमच्याकडं मालक कोण हाय? आधी ते तरी सांगा."

योगीराज खिडकीत वाकला. आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, या डब्याला काय कळतंय? तू सांगतीस ती तारीख तो खरी धरतो."

"त्याला कळत असतं तर मला कशाला बसवलं असतं?"

"बरं, सही नको करू. निस्ती काढून दे."

कमलबाई खुर्चीवरून उठली. खुर्ची तिनं पदरानं पुसली. "बसा मालक. तारीख घाला, नंबर घाला, खाली तुमचं नाव ल्हा. मी तवर चहाचं सांगते."

योगीराज आत आला. खुर्चीपाशी उभा राहिला, पण बसला नाही. त्याची नजर छापायच्या कोऱ्या कागदावर होती. बाहेर मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. कुणीतरी ओरडलं, "आमी काय इथंच ऱ्हायाचं का?"

"दुनियेत एकच काटा हाय व्हय?" आबासाहेब म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यांचा ट्रक काट्यावरून उतरला. कमलबाई परत खुर्चीत बसली आणि पुढच्या ट्रॅक्टरचा नंबर टाकायला लागली. तिच्याकडून दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

सोमवारी ती आली तेव्हा खुर्चीत योगीराजचा मेव्हणा पप्पू बसला होता. चाळिशीचा, गुटगुटीत, हसरा माणूस.

"तुझ्या डोळ्याला तरास हुतो, मावशी," योगीराज रस्त्याकडं बघत म्हणाला. "तू आपलं आवाराचं बघ."

डोळ्याचा त्रास असल्याचं ती कधी कुणाला म्हणाली नव्हती. तिनं विचारलं, "याला तारखेचं सांगितलं का?"

"तूच सांग."

तिनं पप्पूला सगळं दाखवलं. एफ-वन कुठं, तारीख कुठं, झाकणाचा खटका कसा ओढायचा. पप्पूनं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून घेतला. मग तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला.

आबासाहेबांना पावती दुसरीकडं मिळाली की नाही, ते तिला कळलं नाही. नागेशचा हात अजून गळ्यात होता आणि भांडण पोलिसांत गेलं होतं, एवढंच कानावर आलं.

महिन्याभरानं एका दुपारी ती काट्याच्या कडेला सांडलेला कापूस गोळा करत होती. कोल्हा गावाकडचा एक शेतकरी रिकामा ट्रॅक्टर काट्यावरून खाली उतरवून तिच्याजवळ आला. पावती त्यानं दोन्ही हातांत धरली होती.

"अक्का, एवढं बघा बरं."

तिनं हात झटकले, पावती घेतली, उन्हाकडं पाठ केली. तारीख वाचली, गाडीचा नंबर वाचला. भरलं वजन, रिकामं वजन. मनातल्या मनात वजाबाकी केली.

"बरोबर हाय."

"मंग जातो," तो म्हणाला आणि पावतीची घडी घालून खिशात ठेवली.

पप्पूनं खिडकीतून विचारलं, "काय चुकलं का, मावशी?"

"न्हाई. त्यानं वाचायला सांगितलं."

तोवर दुसरा शेतकरी पावती पुढं करून तिच्यासमोर उभा राहिला होता.