चार मागचे, एक पुढचा

पाशाभाई गाडीचा नकाशा कागदावर काढत नाहीत. शिरूरला नगर रोडला त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, तिथल्या कोब्यावर ते खडूने अख्खी गाडी काढतात, असायची तेवढ्याच मापाची. ट्रॉली असो नाहीतर पाण्याचा टँकर, आधी जमिनीवर झोपवायचा आणि मग उभा करायचा. आमची बग्गी मी पहिल्यांदा पाहिली ती अशीच, एप्रिलमधल्या एका दुपारी, पांढऱ्या रेघांची. चार चाकांचे चार लांबट ठोकळे, मध्ये सीटचे दोन चौकोन, मागे इंजिनाची पेटी. पुढे काहीच नव्हतं.

"मामा, बसून बघा बरं," पाशाभाई म्हणाले आणि उजव्या चौकोनात त्यांनी ऑइलचा रिकामा डबा उपडा ठेवला.

आबा, म्हणजे माझे वडील साहेबराव, डब्यावर बसले. दोन्ही हात पुढे धरले, जिथे स्टिअरिंग असणार होतं तिथे. मला वाटलं, मिनिटभर बसतील. चहा झाला, एका शेतकऱ्याच्या नांगराला टाका मारून झाला, उन्हं दारातून आत सरकत चाकापर्यंत आली, तरी आबा गाडीतच. मी कुरकुंभला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. रीडिंग हातात आल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. पण त्या दिवशी दाराकडे जाताना मी त्या रेघांवर पाय दिला नाही, वळसा घालून गेले.

आबांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. उजव्याने ते नळीतून बघावं तसं बघतात, समोरचं तेवढं दिसतं आणि कडेचं सगळं काळं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंबांवर सांभाळायचं, पण पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा धरू नका. परत येताना यवत आलं. तेव्हा आबा म्हणाले, "करुणा, औंदा जोतं बघायचं."

जोतं म्हणजे विहाराचं जोतं. आबांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्याच्या आधी चार-पाच वर्षं आमच्या वस्तीने विहार बांधायला घेतला होता. आजी, पार्वतीबाई, नदीतून काळे दगड डोक्यावरून आणायची आणि आबा चुन्यात वाळू कालवायचे. जोतं पुरं झालं. भिंती चढायच्या आत उठायची नोटीस आली. गावाचं नाव आता माळावरच्या नव्या वसाहतीला आहे, तिथे सिमेंटचा चांगला विहारही आहे. जुनं जोतं वर्षातले अकरा महिने पाण्याखाली असतं आणि मेमध्ये धरण तळाला गेलं की उघडं पडतं.

पण उघडं पडलं म्हणून जाता येतं असं नाही. काठापासून ते तीन किलोमीटर आत आहे आणि मधे सगळा गाळ, वर वाळलेला पापुद्रा आणि खाली लापशी. होडीला पाणी नाही आणि पायाला जमीन नाही. दोन वर्षांपूर्वी आबांनी आपली जुनी फोर-व्हील जीप घातली होती. शंभर पावलांत ती पोटावर बसली आणि ट्रॅक्टर लावून काढावी लागली. जीप जड, आणि सगळा भार नाकावर.

या जीपचीही एक गोष्ट आहे. ज्या खात्याने गाव बुडवलं, त्याच पाटबंधारे खात्यात आबांनी तीस वर्षं ही जीप चालवली. कॉलेजात असताना मी यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडले होते. ते म्हणाले होते, "गाव धरणानं बुडवलं, तुझी फी खात्यानं भरली. मी काय पाण्याला शिव्या देत बसू?" लिलावात जीप निघाली तेव्हा त्यांनीच घेतली आणि आम्ही राहतो त्या भांडगावला, घरामागच्या लिंबाखाली उभी केली. आता तिचीच बग्गी करायची होती. पत्रा सोलून काढायचा, सांगाडा हलका करायचा, आणि शेपटी पुढे करून नाकातलं इंजिन मागे न्यायचं. आबांची अट एकच होती.

"माज्यापुढं काय नको. बॉनेट नको, काच नको. जे हाय ते सरळ दिसलं पायजे."

महिनाभर मी पहिली शिफ्ट संपवून तीन वाजता निघायची, आबांना स्कूटीवर मागे घ्यायची आणि चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूर गाठायची. पैसा नव्हताच, त्यामुळे सगळं भंगारातून. कुरकुंभच्या भंगारवाल्याकडे बॉयलरचे जुने पाइप मिळाले. सीट मोडीत निघालेल्या एका कंपनी बसचे, त्यावर अजून कुणीतरी पेनाने कोरलेलं 'सुमैया' होतं. टायर पिकअपचे, झिजलेले पण रुंद. भांडगावात लोक विचारायचे, लग्नाची गाडी सजवताय का म्हणून. माझं वय चौतीस, त्यामुळे या विनोदाला धार असते. मी सांगायची, हो, आबांचं ठरलंय.

पाइप वाकवताना चिमटू नये म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडं लाकडाच्या गुट्ट्यांनी बंद करतात आणि मग तापवून वाकवतात. वाळू भरायचं काम आबांचं. ते चाळायचे, मुठीने ओतायचे, पाइप दगडावर आपटायचे आणि कान लावून ऐकायचे. आवाज बद्द झाला की भरला. पाशाभाई ज्योत फिरवत बसायचे, लाल झालेला पाइप सावकाश कमान धरायचा आणि आम्ही तिघंही बघत राहायचो. मला त्या संध्याकाळी घरी जावंसं वाटायचं नाही. गाडी होईल की नाही यापेक्षा ती होत राहावी असं वाटायचं.

चूक झाली ती याच दिवसांत, आणि ती ऑइलपायी झाली.

जीपच्या दोन चाकांच्या मधे आसाला जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटात गिअर असतात आणि ऑइल असतं. आबा त्याला गोळाच म्हणतात. तीस वर्षं रोज सकाळी अंघोळीच्या आधी आबा जीपखाली आडवे व्हायचे, गोळ्याचं बूच काढायचे आणि आत करंगळी घालून ऑइलची पातळी बघायचे. साहेब खोळंबलेले असोत, आबांची करंगळी आधी. खात्यातल्या बाकीच्या जीपा मोडीत गेल्या आणि ही टिकली, ती या करंगळीमुळे, असं त्यांचं ठाम मत आहे.

पाशाभाई आस बसवताना थांबले. "मामा, इंजिन मागं घेतलं म्हंजी ह्ये गोळे पालथे टाकावं लागत्यात, असं मला वाटतंय."

"पालथे? म्हंजी बूच खाली?"

"व्हय."

"आन् ऑइल कुठं ऱ्हाईल, पाशा? तुज्या खिशात?"

पाशाभाईंनी आयुष्यातलं पहिलं वेल्डिंग सोळाव्या वर्षी याच जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यावर केलं होतं आणि आबांनी ते त्यांच्याकडून तीनदा तोडून घेतलं होतं. आज त्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत, पण आबांपुढे ते अजून सोळाचेच असतात. त्यांनी डोकं खाजवलं, खडूच्या रेघांकडे बघितलं आणि गोळे सरळ बसवले, बूच जिथल्या तिथे. आबांनी करंगळी घालून बघितली आणि मान हलवली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी, घोडनदीच्या कडेला मोकळ्या रानात आम्ही बग्गी उतरवली. नुसते पाइप, दोन सीट, मागे धडधडणारं इंजिन. रंग द्यायला वेळ नव्हता. आबा बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि बग्गी मागे आली. मागे पाशाभाईंचा पानाचा डबा होता, त्याचा चेंदा झाला. आबांना वाटलं गिअर चुकला. त्यांनी दुसरा टाकला. बग्गी आणखी जोरात मागे गेली. तिसरा, चौथा, सगळे मागे. शेवटी रिव्हर्स टाकला, तेव्हा कुठे ती मुंगीच्या चालीने पुढे निघाली.

पाशाभाई जमिनीवर उकिडवे बसले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. जीपची शेपटी आम्ही पुढे केली होती, पण इंजिनाला ते कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी पुढची बाजू अजून जुनीच होती. गोळे पालथे टाकले असते तर चाकं उलटी फिरली असती आणि हिशेब जुळला असता. आता ते करायचं तर सगळं खोलायचं, आसांच्या बैठका तोडून नव्याने टाकायच्या, म्हणजे तीन आठवडे. तीन आठवड्यांनी जून. वरून पाणी यायला लागलं की जोतं संपलं.

माझा पारा चढला. मी आबांना नको ते बोलले, तुमच्या त्या बुचापायी सगळं पाण्यात गेलं, असं. शब्द तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं आणि लाज वाटली. पाशाभाईंनी तोंड फिरवलं.

आबा मात्र गाडीतून उतरलेच नव्हते. "पाशा, एक पुढचा हाय न्हवं?"

"हाय मामा. पर लई हळू जातीय."

"गाळात कोन पळतंय?" आबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा रिव्हर्स टाकून बग्गी पुढे घेतली.

दोन दिवसांनी टेम्पोत घालून ती आम्ही काठावर नेली. सकाळचे सहा वाजले होते. पाशाभाईंनी टायरमधली हवा निम्मी सोडली. वजन नको म्हणून ते काठावरच थांबले, दोरखंडाचं भेंडोळं खांद्याला लावून. स्टिअरिंगवर आबा, डाव्या सीटवर मी. पुढचं चाक पापुद्र्यावर चढलं, पापुद्रा करकरला, वाकला आणि टिकला.

मग पुढचा पाऊण तास मला नीटसा आठवत नाही, म्हणजे आठवतो तो झोपेतल्यासारखा. भेगाळलेली करडी जमीन, तिच्यात पांढरे शिंपले, आणि पाण्याच्या रेघेवर लांब रोहित पक्ष्यांची गुलाबी कड. इंजिन मागे असल्यामुळे आवाज आमच्या मागून यायचा, जणू ती दुसरीच कुठली गाडी होती. पुढे खरंच काही नव्हतं. आमचे पाय आणि त्यांच्यापुढे थेट जमीन. माणूस चालेल त्या वेगाने आम्ही तरंगत होतो. आबा खाली न बघता बोलत होते.

"ही पानवठ्याची वाट. आता शाळा. शाळंच्या मागं चिंच."

तिथे शाळा नव्हती, चिंच नव्हती. गाळ दहा-बारा फूट साचलाय, म्हणजे आम्ही गावाच्या छपरांवरून चाललो होतो. मी एकदा वाकून खाली बघितलं, कुणी वर बघतंय का म्हणून. शहाण्या माणसाने असं करू नये, पण केलं.

जोतं मात्र गाळात बुडालेलं नव्हतं. चांगली जमीन आमच्या लोकांना कोण देणार, वस्ती होती ती गावाबाहेरच्या खडकाळ चढावर. त्या चढामुळे दगडांचे तीन थर वर राहिले होते, काळे, कोपरे शाबूत. आबांनी बग्गी वीस पावलांवर थांबवली. उतरले. नळीतून एका वेळी दोन-तीनच दगड दिसत असणार, म्हणून ते मान अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे नेत होते, कोपरा आला की थांबत होते. अशी त्यांनी चारी बाजूंनी फेरी मारली. मी रडले. का ते मला माहीत आहे. आबांना दिसत होतं आणि पुढल्या वर्षी दिसणार नव्हतं.

"आईनं आनल्यालं हाय ह्ये," ते एवढंच म्हणाले. मग जोत्यावर बसले.

ऊन चढलं तसा पाशाभाईंचा फोन आला, या आता, पापुद्रा तडकंल. परतीला गाडी मी चालवायची असं ठरलं होतं. मी स्टिअरिंगवर बसले, रिव्हर्स टाकला आणि वळवण्यासाठी चाक फिरवायला लागले.

"वळवू नको," आबा म्हणाले. "मागचं चार हाईत की."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते डाव्या सीटवर जोत्याकडे तोंड करून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी पहिला टाकला. बग्गी मागे निघाली. मला मान पूर्ण मागे वळवून, इंजिनावरून, येतानाच्या चाकोऱ्या बघत चालवावं लागत होतं. जोतं मला दिसत नव्हतं. ते आबांच्या वाट्याला होतं.

"दिसतंय का, आबा?"

"दिसतंय."

दुसरा टाकला. मान अवघडली. शिंपले चाकाखाली फुटत होते.

"आता?"

"दिसतंय. बारकं झालंय."

तिसऱ्यावर मी विचारलं, तेव्हाही दिसतंय म्हणाले. मग काठ आला, चाकोरी वेड्या बाभळींच्या आडोशाने वळली, पाशाभाई दोरखंड टाकून धावत आले आणि मी ब्रेक दाबून मान सरळ केली. समोर बाभळीच होत्या, दाट, धुळीने भरलेल्या. त्यांच्या पलीकडचं मलाही काही दिसत नव्हतं. आबा तसेच बसले होते, समोर बघत, आणि इतका निवांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"दिसतंय," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.