मटणवाल्याच्या मुलीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. तीन खणांचा, वर कडी आणि एका अंगाला पोचा. कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर यंत्राचा घाव बसला आणि मी आकाराला आलो. मग घासून-पुसून मला इतकं लखलखीत केलं की दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी माझ्यात आपला चेहरा पाही.

मला घेतलं ते बाजाराच्या कोपऱ्यावरच्या मटणवाल्याने. माणूस सढळ हाताचा. तोलताना काटा नेहमी गिऱ्हाइकाकडे झुकलेला. बायको वारल्यापासून घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलीला सगळे बारकी म्हणत. सकाळी तो एक भांडं मटण शिजवी, भात टाकी आणि दुकान उघडायला जाई. दुपारी शाळा सुटली की बारकी घरी येऊन मला भरी आणि दुकानात पोहोचवी. झाकण उघडलं की शेजारचे दुकानदार माना वळवत. "डबा असावा तर असा," असं कोणी म्हटलं की मला धन्य वाटे.

बारकी चौदा वर्षांची झाली आणि तिचं मटण सुटलं. मग अंडी सुटली, मग दूधही. "मला नाही जात, बाबा," एवढंच ती म्हणाली. तिने वाद घातला नाही की कोणाला शहाणपण शिकवलं नाही. तरी बापाच्या ते जिव्हारी लागलं.

"घरात शिजतं ते शिजतं," तो म्हणाला. "नको असेल तर नुसता भात खा."

पोटात कावळे ओरडले की येईल ताळ्यावर, असं त्याला वाटलं. ती नुसता भात खात राहिली. कधी सोबत बटाटा, कधी पाव. पोट भरे, पण अंगी काही लागेना. फणीत केसांचा पुंजका राहू लागला. जिना चढताना ती कठडा धरू लागली. बापाने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

एका दुपारी दुकानाच्या पायरीवर तिला भोवळ आली. ती पडली, तिच्याबरोबर मीही. हा पोचा तेव्हाचा. मटणवाल्याने एका हाताने तिला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातात का कोण जाणे मला धरलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बारकीचे डोळे, नखं, पायांवरची सूज पाहिली. "काल काय काय खाल्लंस?"

"भात."

"आणि?"

"बटाटा."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रक्ताचे डाग पडलेल्या मटणवाल्याच्या एप्रनकडे. "घरात खायला कमी पडतं का?"

सगळ्या बाजाराला मांस पुरवणारा तो माणूस खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या हाताला घाम सुटला होता. माझी कडी ओली झाली.

"तिने मांस खाल्लंच पाहिजे असं नाही," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या जागी काहीतरी हवं ना? मसूर, हरभरे, राजमा, सोयाबीन, शेंगदाणे. दोन्ही वेळा, आणि चांगलं वाटीभर. चवीपुरतं नाही. प्रथिनं त्यातूनही मिळतात. दूधही घेत नाही, तर ब-बारा जीवनसत्त्वाची गोळी लागेल, ती मी देते."

दुसऱ्या दिवशी तो चार गल्ल्या सोडून, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, अशा किराणा दुकानात गेला. "पाहुणे यायचेत," असं उगाचच सांगत त्याने हरभरे घेतले. न भिजवता शिजवले. बारकी ते कडाकडा चावत राहिली आणि "छान झालेत" म्हणाली. त्याने एक दाणा तोंडात टाकला आणि ताटावरून उठला. पुन्हा त्याच दुकानात जाऊन त्याने कडधान्य कसं भिजवतात ते विचारून घेतलं. हळूहळू त्याचा हात बसला. बारकीच्या गालांवर रंग आला, पायांवरची सूज उतरली.

आता दोघांसाठी एकच भांडं शिजे, त्यामुळे माझ्यातही तेच असे. पण मटणवाला मला आता गल्ल्यावर उघडत नसे. आतल्या खोलीत, फ्रीजच्या आड पाठमोरा बसून तो राजमा खाई. मित्रांनो, इतकी वर्षं मिरवलेला मी, चोरीच्या मालासारखा लपवला जाऊ लागलो.

एकदा शेजारचे शिंपीकाका खिमा घ्यायला आले. "काय रे," ते सहज म्हणाले, "तुझी पोरगी मटणाला शिवत नाही म्हणे?"

"कोण म्हणतं?" मटणवाला हसला. "रोज खाते. हाडंसुद्धा सोडत नाही."

बारकी मला घेऊन त्याच्या मागेच उभी होती. तिने मला ओट्यावर ठेवलं आणि ती निघून गेली.

संध्याकाळी घरी तो तिच्यापुढे घुटमळला. "गिऱ्हाइकापुढे बोलून गेलो गं."

"बाबा, मला तुमच्या धंद्याची कधी लाज वाटली नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माझ्या जेवणाची का वाटते?"

मी मोरीत पालथा होतो, आणि सरळ व्हायला नको असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बारकीने मला हात लावला नाही. तोच मला भरून नेऊ लागला. शिंपीकाका पुन्हा आले, तेव्हा त्याने मला गल्ल्यावर सगळ्यांसमोर उघडलं. "हरभरे आहेत, काका. माझी बारकी मांस खात नाही. त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत होतं," काका म्हणाले. "सगळ्या बाजाराला माहीत आहे. ती मागे उभी होती रे. मलाच तिच्याकडे बघवेना."

तरी त्याने झाकण लावलं नाही. रोज तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जेवत राहिला.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी बारकी दुकानापाशी आली. पायरीवर थोडी थांबली. मग म्हणाली, "थोडे हरभरे उरलेत का?"

तो घाईने उठला, आपलं स्टूल तिला दिलं आणि मला तिच्यापुढे सरकवलं. ती जेवली आणि तो शेजारी उभा राहिला.

मित्रांनो, आता माझी कडी सैल झाली आहे आणि मी फळीवर असतो. तुमच्या घरात कोणाचं खाणं वेगळं असेल, तर त्याला नुसत्या भातावर भागवायला लावू नका. त्याच्या अंगी लागेल असं, पोटभर शिजवा. आणि शिजवलंत, तर झाकण उघडं ठेवा.