मागच्या सीटवरचं वजन

लालासाहेब फौजेतनं नायक म्हनून रिटायर झाले, पन गावात त्यास्नी सगळी मेजरच म्हनत्यात. हे प्रमोशन गावानं दिल्यालं, त्यामुळं पेन्शनीत धरलं न्हाई.

मेजरांची एक जुनी जीप हाय, मागं लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगांची. माळावरच्या गोठ्याकडं जाताना मुरमाची खडी चढन लागती. तिथं गॅस दिला की मागचा आक्सल सोताभवती पीळ घ्यायचा, पाटं नागमोडी वाकायचं, टायर भुईवरनं सुटायचं आन् धाडकन परत आपटायचं. सगळी जीप बेडकागत उड्या मारत वर जायाची. आन् बरोबर त्या आक्सलच्या वर, मागच्या सीटवर, मेजरांच्या मंडळी चंद्राबाई बसल्याल्या असायच्या.

म्होरची सीट दुधाच्या किटलीची. मागं ठेवली तर दूध हिंदकळतं, असं मेजरांचं म्हननं. चढताना किटली रिकामीच असायची, पन जागा तिची ती तिचीच. शिवाय मागं वजन असल्याबिगार टायर मुरूम धरत न्हाई. चंद्राबाईंचं वजन बासष्ट किलो. ते मेजरांनी डेअरीच्या काट्यावर करून घेतल्यालं.

आक्सलपासनं चॅसीपत्तुर एक दांडा बसवला की पीळ बसत न्हाई आन् उड्या थांबत्यात, हे मेजरांस्नी फौजेतच ठावं झालं हुतं. एकवीस वर्सं चंद्राबाई म्हनायच्या, "आवं, यकदा मागं बसून बगा की." आन् एकवीस वर्सं मेजर म्हनायचे, "उद्या दांडा बसवतो."

औंदा माघात चंद्राबाई गेल्या. तापाचं निमित्त, चार दिसांत खेळ संपला.

दहाव्याला येरळेकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवंना. बाभळीवर धा-बारा बसल्यालं, पन मानपान चुकल्याल्या पावन्यागत तोंड फिरवून. चंद्राबाईंची इच्छा कायतरी मागं ऱ्हायली म्हनत सगळी कामाला लागली. पोरगा यशराज कोइमतूरहून आल्याला, तिथं त्याचं सोनं गाळायचं दुकान हाय. त्यानं सांगितलं, आबास्नी अंतर देनार न्हाई. सून शिवांजलीनं सांगितलं, तांबडी गाय इकनार न्हाई. कावळं जाग्यावरच. सोसायटीचे चेअरमन हंबीरराव पुढं झाले आन् माळाची चढन डांबरी करायचा शब्द देऊन बसले. त्यावर दोन कावळं उडूनच गेलं.

मग मेजर उठले. टोपी काढली. भादरल्यालं डोस्कं उन्हात चमकलं.

"दांडा बसवतो," ते म्हनाले. "उद्या न्हाई. आजच."

कावळा आला.

तिथनं मेजर थेट विट्याला, धुळाच्या गॅरेजात. त्यांचं म्हननं, दोन्ही टोकं वेल्डिंग करून पक्की जखड. धुळा कुनाचं ऐकनारा न्हवं. त्यानं समजावलं की तसं केलं तर पाटं हलायचंच बंद हुतील आन् दांडा नाय तर चॅसी, एक कायतरी मोडंल. त्यानं मागचं टोक आक्सलला बोल्टानं आवळलं आन् म्होरलं झुलत्या कडीत अडकवलं. मेजर तासभर जीपखाली डोकं घालून बघत हुते. एवढंच काम हुतं. तासाभराचं.

दिस कलायच्या आत जीप चढनीला लागली. मेजर स्टेरिंगवर, शेजारी किटली, यशराज मागनं चालत. गॅस दिला. उडी एकबी न्हाई. पन जीप चढंना बी. टायर जाग्यावरच गरागरा फिरत मुरूम उडवीत ऱ्हायलं.

"मागं वजन न्हाई, आबा," यशराज म्हनला. "युरियाची दोन पोती टाकू या का?"

मेजरांनी गॅस सोडला. मग खाली उतरले, यशराजला गाडी घ्याय सांगितली आन् मागं जाऊन चंद्राबाईंच्या जागेवर बसले.

डोक्यावर, हुडाच्या लोखंडी कमानीला, हिरव्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्याल्या. थरावर थर, उशीयेवढ्या जाड. मेजरांस्नी वाटायचं, बाईनं फडकं वाळत घातलंय. सगळ्यात वरची चिंधी नवी हुती.

जीप एका दमात वर गेली. किटलीबी वाजली न्हाई. यशराज खुश हुन मागं वळला. "आबा, कायच जानवलं न्हाई की!"

"न्हाई," मेजर म्हनाले. "कायच न्हाई."

त्यांनी जीप परत खाली घ्याय लावली. पाना काढला, पाठीवर सरपटत आत शिरले आन् मागचा बोल्ट आन् म्होरली कडी सोडवून दांडा भाईर वढला. म्होरच्या सीटवर किटलीशेजारी ठेवला.

"आबा, आईला शब्द दिलाय तुमी. कावळ्यादेखत."

"उद्या बसवतो," मेजर म्हनाले आन् मागं जाऊन बसले. "आता ने वर."

पयल्या उडीला त्यांनी कमान धरली. दुसरीला हात सुटला. तिसरीला डोस्कं वर जाऊन चिंध्यांवर आदळलं, आन् मग आदळतच ऱ्हायलं. यशराजनं आरशात बघितलं आन् गॅसवरचा पाय काढला.

"थांबू नगंस," मागनं आवाज आला. "मी कवा थांबलो न्हवतो."