कोच ठरेपर्यंत माझं काही खरं नाही

मी सोफा बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण मंडळी आत टीव्हीसमोर बसली आहेत आणि दार नुसतं लोटलेलं आहे. बारा वाजता कॉलेजवाले नव्या फुटबॉल कोचचं नाव जाहीर करणार आहेत. त्या नावावर माझा जीव टांगणीला लागलाय. तेवढ्यात तुम्हाला सगळं सांगून टाकतो. पुढे वेळ मिळेल न मिळेल.

माझा जन्म नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कारखान्यातला. मला कापड चढवणारी बाई बारीक खिळे मूठभर तोंडात धरायची आणि एकेक जिभेने पुढे काढून ठोकायची. बोलायची सोयच नव्हती, म्हणून ती गुणगुणायची. अंगावर पिवळ्या-तपकिरी चौकटी. त्या काळी ती फॅशन होती, हसू नका.

वेंडेल स्टेम्पल आणि व्हर्ना यांनी लग्नाच्या वर्षी मला डोंगरातल्या या गावात आणलं. वेंडेल कोळशाच्या खाणीत, व्हर्ना कॉलेजच्या खानावळीत. इथला अमेरिकी फुटबॉल पायाने कमी, हातात बॉल धरून जास्त खेळतात. शनिवारी कॉलेजची मॅच असली की वेंडेल माझ्या डाव्या टोकाला बसायचा आणि माझ्या हातावर बुक्क्या मारत ओरडायचा, "अरे, बॉल छातीशी धर आणि पळ! फेकतोस काय कबुतर उडवल्यासारखा!" बुक्क्या लागायच्या, पण मला त्यांची सवय झाली होती. खरं सांगू, आवडायच्या.

मग खाणीतल्या धुळीने त्याची छाती धरली. शेवटच्या हिवाळ्यात त्याला आडवं पडवेना, म्हणून तो माझ्यावरच बसून झोपायचा. मी स्प्रिंग वाजू देत नसे. तो जाऊन सहा वर्षं झाली. डावीकडे त्याच्या बसण्याचा खड्डा पडलाय. व्हर्ना तिथे बसत नाही, दुसऱ्या कोणाला बसू देत नाही. त्याच वर्षी तिच्या मुलाने, डॅरिलने, नवी आरामखुर्ची आणली आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली.

व्हरांडा वाईट नाही. पण या गावची एक रीत आहे. कॉलेजने मोठी मॅच जिंकली की लोक व्हरांड्यातला सोफा रस्त्यात आणून पेटवतात. वाईट हरले, तरी पेटवतात. नगरपालिकेने बंदी घातली आहे. बंबवाले कोपऱ्यावर गाडी घेऊन उभे असतात, पण पाणी मारायच्या आधी तेच विचारतात, "किती फरकाने जिंकलो?" समोरच्या घरातला हिरवा सोफा माझ्या डोळ्यांदेखत गेला. चार वर्षं आम्ही समोरासमोर होतो. त्याच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या. तेव्हापासून गर्दीचा आवाज आला की मला धडकी भरते.

गेल्या रविवारी जुन्या कोचला काढलं. झालं, तेव्हापासून डॅरिल आणि त्याचा हॉइटमामा, म्हणजे व्हर्नाचा भाऊ, खड्ड्याची जागा सोडून माझ्यावर ठाण मांडून बसले. मधे पेपरोनी भरलेल्या पावांची परात.

"टेक्सासचा क्रेनशॉ आण म्हणावं," डॅरिल म्हणाला. "मॅचमागे पन्नास गुण करतो तो!"

"आणि साठ खातो," हॉइट म्हणाला. "मला लॅनहॅम हवा. इथेच खेळला, खाणवाल्याचा पोरगा. त्याला इथली थंडी ठाऊक आहे."

"मामा, कोच हवाय, पाहुणचाराला जावई नकोय."

"तुला काय कळतंय रे? तू बॉलला हात लावलास तो फक्त दुकानात!"

"आणि हॅथवेला आणलं तर?" डॅरिलने विचारलं.

हॉइटने हातातला पाव परातीत टाकला. हॅथवे म्हणजे दोन कॉलेजांनी हाकललेला कोच. कॉलेजच्या अध्यक्षांचा जुना स्नेही.

"हॅथवे आला, तर हाच सोफा पेटवू," हॉइट म्हणाला.

"आणि क्रेनशॉ किंवा लॅनहॅम आला, तरी हाच!" डॅरिलने माझ्या पाठीवर थाप मारली. दोघे खदाखदा हसले.

मी हादरलो. म्हणजे कोणीही आला तरी मरण माझंच! माझा सगळा भरवसा व्हर्नावर होता. ती कशी पेटवू देईल? हा खड्डा कोणाचा आहे, ते तिला ठाऊक आहे.

मंगळवारी दुपारी व्हर्ना चर्चमध्ये बायकांसोबत गोधड्या शिवायला गेली होती. तेवढ्यात डॅरिल फोन नाचवत आला. या दिवसांत सारं गाव फोनवर विमानांचा माग काढत असतं. कुठलं छोटं विमान कुठून उठलं, यावरून कोण कोच येतोय ते ओळखतात.

"मामा! टेक्सासहून उठलंय, आपल्याच धावपट्टीकडे येतंय! क्रेनशॉ!"

"खात्रीने?"

"टेक्सासहून या गावात दुसरं कोण कशाला मरायला येईल?"

दोघांनी मला उचललं. जिन्यावर माझा मागचा पाय खिळखिळा झाला. रस्त्याच्या मधोमध ठेवून डॅरिलने शेगडी पेटवायचं तेल माझ्यावर ओतलं. गार, झोंबणारं. कापडातून ते आत झिरपत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. गर्दी जमली. कोणीतरी काडी ओढलीसुद्धा. तेवढ्यात हॉइटला धावपट्टीवरच्या दोस्ताचा फोन आला.

"काय? तिघे? हातात नकाशे?" हॉइटचा चेहरा पडला. "अरे, गॅसच्या पाइपलाइनचे इंजिनियर उतरलेत. क्रेनशॉने तिकडेच पाच वर्षांच्या करारावर सही केली म्हणे."

काडी विझली. गर्दी पांगली. आणि व्हर्नाची गाडी वळणावर आली.

ती उतरली. ओल्या माझ्याकडे बघत राहिली. आता हे दोघे बोलणी खाणार, असं मला वाटलं.

"आई, ते जरा चुकून..." डॅरिल चाचरला.

"वर न्या त्याला," ती म्हणाली. मग पायरीवरच बसली. "सहा वर्षं मी त्या खड्ड्याकडे न बघता या दारातून ये-जा करतेय. दमले रे मी. पेटवायचा तर पेटवा. पण रागाने नाही. तुझा बाप जन्मभर या सोफ्यावर चांगल्या बातमीची वाट बघत बसला. लॅनहॅम आला तर पेटवा. हॅथवे आला, तर जो काडी ओढेल त्याचा हात मोडीन."

मला फार वाईट वाटलं. रागही आला. मी तिचा खड्डा जपत होतो आणि तिला तो नकोसा झाला होता.

तेव्हापासून मी दोन दिवस एकच धावा करतोय. हॅथवे येऊ दे. मॅचमागून मॅच हरू दे, पण हॅथवेच येऊ दे. ज्या घरात जन्म काढला, त्याच घराच्या वाईटावर टपलोय मी. वेंडेलने ऐकलं असतं तर बुक्की मारून माझा हात मोडला असता. काय करू? तेलाचा वास अजून अंगाला आहे आणि मला मरायचं नाही.

थांबा. आत टीव्हीचा आवाज मोठा केलाय.

डोंगरावर एक हॉर्न वाजला. आता दुसरा. आता सगळीकडून. रागावलेली माणसं या गावात सोफे जाळतात, पण हॉर्न वाजवत नाहीत.

"लॅनहॅम! आपला लॅनहॅम!" हॉइट लहान मुलासारखा रडत बाहेर आला. मागून डॅरिल. मामाला मिठी मारताना क्रेनशॉचं नावही त्याला आठवलं नाही.

मग व्हर्ना आली, घरातल्या सपातांनिशी. सरळ माझ्यापुढे उभी राहिली आणि त्या खड्ड्याकडे डोळे भरून बघितलं.

"ऐकलंस ना रे, वेंडेल?" ती म्हणाली. आणि हसली. मोठ्याने, पोट धरून. हे हसू मी विसरूनच गेलो होतो.

"आई, तू सरक, आम्ही उचलतो."

"गप बस. हे टोक मी धरणार."

उचललं त्यांनी मला. पायऱ्या उतरतोय आम्ही. मी थरथरतोय. पाय खिळखिळा झालाय म्हणून हलतोय, असं त्यांना वाटतंय. वाटू द्या. ती अजून हसतेय. मला भीती वाटली, एवढं मात्र तिला सांगू नका.