दोनदा धुतलेल्या पेशी

मी एक जुना थर्मोसायक्लर आहे, मित्रांनो. नाव ऐकूनच तोंड वाकडं झालं ना? होणारच! दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. दिसायला मी टोस्टरपेक्षा थोडा मोठा. वर झाकण, झाकणाखाली धातूचा चकचकीत ठोकळा आणि ठोकळ्यात ओळीने छोटे छोटे खळगे. त्या खळग्यांत बोटाच्या पेराएवढ्या नळ्या बसतात. त्या सांगाल तेवढ्या तापवायच्या आणि सांगाल तेवढा वेळ तापत ठेवायच्या, हा माझा जन्माचा धंदा. करोनाच्या दिवसांत तुम्ही ‘पीसीआर, पीसीआर’ असं ऐकलं असेल. ते काम करणाऱ्या खानदानातलाच मी.

परदेशातून खोक्यात बसून आलो तेव्हा काय थाट होता माझा! प्रयोगशाळेच्या प्रमुख वृंदा मॅडम मूळच्या पुण्याच्या. त्यांनी माझ्यासमोर नारळ फोडला आणि ओट्यावर पाणी सांडलं म्हणून स्वतःच फडकं घेऊन पुसलं. मला हात लावायचा तर मुलं हातमोजे बदलून यायची. माझ्यावर काम करायला नंबर लागायचे, भांडणंसुद्धा व्हायची. मग एक दिवस शेजारी नवा थर्मोसायक्लर आला. त्याच्या तोंडावर मोबाइलसारखी काच, नुसतं बोट फिरवलं की झालं. तेव्हापासून माझ्या झाकणावर कुणी डबा ठेवतं, कुणी हेल्मेट. पोटात आग घेऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट ठेवतात का हो?

त्यात कृतिका आली आणि तिने माझं बारसं केलं. नाव काय ठेवलं, तर ‘तवा’! इतकी वर्षं विज्ञानाची सेवा केली त्याचं हे बक्षीस. पण पोरगी मनाची चांगली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे ती दिल्लीतच वाढलेली. वडिलांची बदली झाली तशी ती मुनिरकात खोली घेऊन राहू लागली. मराठी बोलता बोलता मध्येच ‘यार’ म्हणायची आणि सत्तावीसला ‘सत्ताईस’. मॅडम दरवेळी सुधारायच्या, ती दरवेळी विसरायची.

हे ‘सत्ताईस’ म्हणजेच तिचा जीव की प्राण होतं. सत्तावीस नंबरचं औषध. औषध तरी कसलं म्हणा, औषध होऊ पाहणारी फिकट पिवळी पूड. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत एक प्रोटीन असतं, ते त्या पेशींना मरू देत नाही. या पुडीने जाऊन त्या प्रोटीनला धरून ठेवायचं, म्हणजे त्याचे उद्योग बंद. ती धरते की नाही हे शोधण्यात कृतिकाची चार वर्षं गेली होती. तिची पीएचडी यावरच उभी होती.

आता पेशीच्या आत कोण कुणाला धरतंय हे कळणार कसं? आत डोकावता येत नाही. तिथे माझी गरज लागते. अंडं उकडताना त्यातलं पातळ पांढरं घट्ट होतं, हे तुम्ही पाहिलंय ना? प्रोटीनचं तसंच असतं. तापलं की गोळा होऊन तळाशी बसतं. पण औषधाने त्याला नीट धरलं असेल, तर ते लवकर हार मानत नाही. जास्त आच सोसतं. म्हणून अर्ध्या नळ्यांत औषध दिलेल्या पेशी ठेवायच्या आणि अर्ध्यांत न दिलेल्या. मी एका टोकाला कमी तापतो, मग चढत चढत दुसऱ्या टोकाला जास्त. नंतर पेशी फोडून पाहायचं, कुठल्या आचेपर्यंत प्रोटीन तग धरून राहिलं. औषधवाल्या नळ्यांत ते जास्त आचेपर्यंत टिकलं, तर समजायचं की औषधाने हात धरलाय. किती साधी युक्ती! मला तर तिचा अभिमानच आहे.

कृतिकाने आधी फोडलेल्या पेशींच्या रसात औषध घालून पाहिलं. प्रोटीन असं टिकलं म्हणता, की तिने शेजारच्या शुभदाला धरून गरगर फिरवलं. ही शुभदा नागपूरहून नुकतीच आलेली नवी विद्यार्थिनी. मग आली खरी परीक्षा, अख्ख्या जिवंत पेशींची. आणि तिथे सगळं पाण्यात गेलं. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या नळ्यांत काडीचा फरक नाही. तिने पुन्हा केलं. तरी नाही. पुन्हा केलं, तरी तेच. मी आपला तापत होतो. मदत करावी असं फार वाटायचं, पण खोटं तापणं माझ्या रक्तात नाही.

शेवटी वृंदा मॅडम आल्या. निकाल पाहिला, चष्मा काढला. म्हणाल्या, “कृतिका, रसात धरतंय आणि पेशीत धरत नाहीये. म्हणजे औषध पेशीच्या आत शिरतच नाही.”

“पण मॅडम...”

“अगं, किती दिवस दारावर थापा मारणार? सत्तावीस बंद करूया. तुला दुसरा विषय देते.”

कृतिका “अच्छा” एवढंच म्हणाली. मॅडम गेल्यावर मात्र माझ्या झाकणावर डोकं टेकून बसली. चार वर्षं अशी एका वाक्यात संपतात, मित्रांनो. मला फार वाईट वाटलं. पण यंत्राला वाईट वाटलेलं कुणाला कळतं?

नव्या विषयावर शुभदाही तिच्याबरोबर काम करणार होती. म्हणून कृतिका तिला सगळी पद्धत शिकवायला बसली. नव्या यंत्रावर गर्दी, म्हणून माझ्याजवळच. बोलत होती यांत्रिकपणे, जीव कुठेच नव्हता.

“हे बघ, पेशींना औषध द्यायचं. तासभर ठेवायचं, म्हणजे ते आत जातं. मग नळी गरगर फिरवायची, पेशी तळाशी बसतात. वरचं पाणी फेकायचं. स्वच्छ सलाईन घालायचं, हलवायचं, परत फिरवायचं, परत फेकायचं. असं दोनदा. मॅडमचा नियम आहे, दोनदा धुतल्याशिवाय पेशी तापवायच्या नाहीत.”

हे मात्र खरं होतं. घरात तांदूळ धुतल्याशिवाय कुकरला लागत नाहीत, तशा आमच्याकडे पेशी धुतल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. पेशी ज्या पाण्यात वाढवतात त्यात बाहेरचीच प्रोटीन खच्चून भरलेली असतात. फार पूर्वी त्यांनी मॅडमचा एक प्रयोग पार नासवला होता. तेव्हापासून हा कायदा. त्यामागचं कारण कुणी विचारायचं नाही, सगळ्यांनी धुवायचं.

“धुतल्याने काय होतं?” शुभदाने विचारलं.

“बाहेर चिकटलेलं सगळं निघून जातं,” कृतिका म्हणाली. आणि तिचा हात हवेतच थांबला. माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काहीतरी बोललो. मग पुटपुटली, “आणि आत गेलेलं?”

“आत गेलेलं आतच राहील ना, ताई?”

“का राहील? जे आपणहून आत गेलं, ते आपणहून बाहेर येणार नाही का? बाहेर नुसतं स्वच्छ पाणी, औषधाचा एक कण नाही. मग आतलं सुटत सुटत बाहेर येणार आणि ते मी बेसिनमध्ये ओतणार. एकदा नाही, दोनदा! अरे यार! रस मी धुतच नव्हते, म्हणून तिथे धरत होतं!” ती ताडकन उठली. स्टूल मागे पडलं ते तसंच.

मॅडमना घेऊन आली तेव्हा मॅडमच्या कपाळावर आठी होती. “न धुता करायचं म्हणतेस? आणि ती बाहेरची प्रोटीन? सगळा घोळ होईल. माझ्या लॅबमध्ये हे चालणार नाही.”

“धुवूया ना मॅडम. दोनदाच धुवूया. फक्त धुण्याच्या सलाईनमध्येही सत्ताईस घालूया, जेवढं आधी घातलं होतं तेवढंच. म्हणजे आतलं बाहेर यायला कारणच उरणार नाही. एक बार देखते हैं ना, मॅडम. प्लीज.”

मॅडमनी पडलेलं स्टूल उचलून उभं केलं. मला वाटलं, आता सत्ताईसवरून सुधारणार. पण त्या म्हणाल्या, “कर. मी इथेच बसते.”

काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी मी असा तापलो की बस! एका अंशाचीही चूक होऊ दिली नाही. पुढचं काम माझं नव्हतं, तरी नजर तिकडेच. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. औषध न दिलेल्या नळ्यांतलं प्रोटीन नेहमीच्या जागी गारद झालं. औषधवाल्या नळ्यांतलं मात्र पुढच्या आचेला टिकलं, त्याच्या पुढच्या आचेलाही टिकलं. कृतिका “अगं आई गं” म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. रडता रडता हसत होती.

“नव्या मशीनवर पण कर,” मॅडम म्हणाल्या. जरा अपमान झाला माझा, पण बरोबर होतं त्यांचं. नव्यावरही तेच आलं. सत्तावीस जिवंत होतं! शुभदा खाली जाऊन सामोसे घेऊन आली.

मॅडमनी मात्र सामोशाला हात लावला नाही. स्टुलावर बसून राहिल्या आणि एकच शब्द बोलल्या, “यशोधन.”

कृतिकाला काही कळेना. मला कळलं, कारण मी तेव्हा होतो. कृतिकाच्या आधी यशोधन नावाचा एक मुलगा इथे होता. त्याचंही एक औषध होतं, आणि तेही रसात धरायचं अन् अख्ख्या पेशीत धरायचं नाही. त्यानेही पेशी दोनदा धुतल्या होत्या, अगदी मन लावून. पुन्हा पुन्हा केल्यावर मॅडम एकदा वैतागून सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “यशोधन, तुझ्या हाताला सफाईच नाही. हात सुधार आधी.” महिन्याभराने तो पीएचडी सोडून गेला. गुरुग्रामच्या कुठल्याशा कंपनीत लागला म्हणे.

मॅडमनी तिथेच, माझ्यासमोर, त्याला फोन लावला. “यशोधन, मी वृंदा मॅडम. ऐक, तुझ्या हातात काही खोट नव्हती रे. मीच तुला तुझं औषध धुवून टाकायला लावलं. माझं चुकलं. मला माफ कर.”

पलीकडून आवाज आला, “मॅडम, माझी पूड आहे का अजून?”

ती फ्रीझरच्या तळाला होती.

शनिवारी तो मेट्रोने आला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच राहिलेलं, केस थोडे विरळ झालेले. “मी करतो,” म्हणाला. कृतिकाने त्याला हातमोजे दिले. मग जुनी सवय परत आली आणि नळ्या माझ्या खळग्यांत एकेक करून बसत गेल्या. कृतिका नुसती बघत होती. “काय सुंदर हात आहे दादा तुमचा,” म्हणाली. मॅडमनी मान खिडकीकडे वळवली.

निकाल पाहायला तो रविवारी पुन्हा आला. मला मनापासून वाटत होतं, धरावं याचंही औषध. माणसाचं नशीब असंही कधी उजाडावं. पण नाही धरलं. धुण्याच्या पाण्यात औषध घालूनही औषधवाल्या आणि बिनऔषधाच्या नळ्या जोडीने गारद झाल्या होत्या. त्याचं औषध पेशीत खरोखरच बसत नव्हतं. म्हणजे त्याचा जुना निकाल खरा होता; खोट औषधात होती, हातात नव्हती.

“सॉरी, दादा,” कृतिका हळूच म्हणाली.

“सॉरी कशाला?” यशोधन म्हणाला. आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निराशाही नव्हती. खूप दिवस पाठीवर वाहिलेलं ओझं खाली टेकवल्यासारखा तो सैल झाला होता. “हे उत्तर तेव्हा मिळालं असतं तर मी दुसरं औषध घेऊन बसलो असतो. औषधाऐवजी मी स्वतःलाच टाकून दिलं ना.” मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा हात धरला.

मग तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, पाठ सगळ्यांकडे करून, आणि त्याने घरी फोन लावला. “आई,” म्हणाला, “माझा हात खराब नव्हता गं.”

मित्रांनो, माझं आता वय झालं, म्हणून उद्या सोमवारी मला भांडारात, जुन्या सामानाच्या खोलीत नेणार आहेत. नेईनात बापडे! लोखंडाचं, धातूचं एक दिवस असंच व्हायचं. मला जपा असं मी म्हणणार नाही. पण कुणाचं काही बिघडलं, की त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी आपण त्याला काय करायला लावलं होतं ते एकदा तपासून बघा. तेवढं एक वाक्य आईला सांगायला कुणाला इतकी वर्षं थांबायला लावू नका.