फोटोतले माळसिद्ध

वळसंगच्या अलीकडं डांबरी सडक सोडून माळाला लागलं की माळसिद्धांची समाधी येते. एरवी तिथं चार शेळ्या आणि लिंबाखाली झोपलेला एखादा गुराखी यापलीकडं कुणी नसायचं. पण दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात दर गुरुवारी तिथं मुंगीला शिरायला जागा उरेना. बैलगाड्या सुटलेल्या, एस.टी. भरून आलेली, चुरमुऱ्यांच्या पाट्या, नारळांचे ढीग. आणि या सगळ्या लोटालोटीच्या मधोमध, लिंबाखालच्या पाटावर, काचेच्या चौकटीतला एक फोटो.

फोटोत समाधी होती, मागचा लिंब होता. त्या लिंबाच्या काळ्या सावलीत, समाधीच्या वर, अधांतरी एक आकृती उभी होती. डोक्याला काळं मुंडासं, अंगावर घोंगडी आणि छातीवरून खाली लोंबणारी पांढरीशुभ्र दाढी. समाधीपेक्षाही उंच.

"पाहा मंडळी, पाहा," आनंदसिद्ध बुवा सांगत होते. हे बुवा म्हणजे समाधीचे वारस. वारस त्यांना कुणी नेमलं, हे विचारायचं नाही. दुष्काळाआधी ते टांग्यात बसून तंबूतल्या सिनेमाची जाहिरात भोंग्यावर करत, त्यामुळं गळा तयार होता. "शंभर वर्षांपूर्वी देह ठेवलेले महाराज, भक्तांच्या खास आग्रहास्तव, साक्षात दर्शन देते झाले. माणसाला भास होईल. यंत्राला भास होतो का? यंत्राला नवस ठाऊक नाही, यंत्राला नैवेद्य ठाऊक नाही. जे आहे ते यंत्र दाखवतं. घरी फोटो न्या, पाण्यात बुडवा, ते तीर्थ सकाळ-संध्याकाळ घ्या. दमा, खोकला, क्षय, पोटशूळ, सगळ्यांवर एक उपाय. सुई नको, गोळी नको. सुई टोचली की महाराज रागावतात."

महाराज डॉक्टरवर का रागावतात हेही कुणी विचारलं नाही.

बुवांच्या शेजारी, गळ्यात हार घालून, शिवशरण म्हेत्रे बसला होता. फोटो त्यानं काढलेला. बायाबापड्या येऊन त्याच्या उजव्या हाताला कपाळ टेकवत होत्या, आणि दर कपाळागणिक शिवशरण थोडा थोडा आक्रसत होता. कारण फोटोतले महाराज कोण आहेत, हे त्या माळावर फक्त त्याला ठाऊक होतं. तो एक पक्षी होता.

शहरात, नव्या पेठेतल्या एका बोळात शिवशरणचा स्टुडिओ होता. मागं रंगवलेलं तळं, पुढं नवरा-नवरी, अशा फोटोंवर त्याचं घर चालायचं. पण रविवार उजाडला की हा गडी कॅमेरा गळ्यात अडकवून सायकलवर माळ गाठायचा. त्याला वेड होतं माळढोकाचं. हा पक्षी उंचीला लहान पोराएवढा आणि स्वभावानं इतका बुजरा की माणूस दिसला की दूर निघून जायचा. पेठेतले लोक हसायचे. माणसं दारात येऊन फोटो काढून घेतात आणि हा पाखरापुढं हात जोडत हिंडतो, म्हणायचे.

आषाढात माळढोकाच्या नराला माद्यांपुढं मिरवायची हुक्की येते. गळ्याखालची पिशवी तो हवेनं फुगवतो, ती पांढरी पिशवी पार पायांपर्यंत लोंबते. तपकिरी पंख खाली सोडतो, मान ताठ, डोक्यावर काळा तुरा. शिवशरण गवता-काट्यांच्या खोपीत बसून हे लांबून पाहायचा. त्याच्या साध्या कॅमेऱ्यात एवढ्या लांबचं काही यायचं नाही. पण एका सकाळी, मागचा उतार अजून सावलीत आणि कोवळं ऊन तिरपं पडलेलं, तेव्हा नर मिरवत मिरवत थेट खोपीसमोर येऊन उभा राहिला. असं होईल ही आशा शिवशरणनं कधीच सोडून दिली होती. त्यानं खटका दाबला. हात कापत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या भरात तो चावी फिरवायला विसरला.

त्याचा कॅमेरा जुना होता. एक फोटो काढला की चावी फिरवून फिल्म पुढं सरकवायची, पाठीमागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं. नाही फिरवली तर कॅमेरा तक्रार करत नाही. दुसरा फोटो मुकाट्यानं पहिल्यावरच घेतो.

परतताना समाधीपाशी गावचे पोलीस पाटील आबासाहेब भेटले. "आन्ना, आमच्या समाधीचा बी एक काढा की. डागडुजीला वर्गनी मागायची तर दावायला काय तरी पायजे." शिवशरणनं काढला. संध्याकाळी फिल्म धुतली तर त्याचा माळढोक, ज्याच्यासाठी त्यानं इतके रविवार घातले होते, तो समाधीच्या डोक्यावर चढून बसलेला. हात कापल्यामुळं चोच पुसट झालेली, पाय समाधीच्या पांढऱ्या चुन्यात बुडालेले. पक्षी जवळून काढलेला आणि समाधी लांबून, म्हणून पक्षी मोठा. शिवशरणनं कपाळावर हात मारला, मग हसला. पाटलांना ही गंमत दाखवू आणि समाधीचा दुसरा फोटो काढून देऊ, असं ठरवून तो प्रत घेऊन गेला.

आबासाहेबांनी फोटो पाहिला आणि त्यांचे हात जोडले गेले. बुवांना बोलावणं गेलं. बुवांनी फोटो नुसता पाहिला नाही, त्यातले महाराज ओळखले. कुणीतरी शिवशरणच्या पाया पडलं. "अहो, हे असं झालं..." म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर त्या उघड्या तोंडात आबासाहेबांनी पेढा घातला. शिवशरणनं पेढा खाल्ला. त्याबरोबर जो शब्द आत गेला तो गेलाच.

न बोलणाऱ्याला कारणांचा तोटा नसतो. लोक हात जोडतात, जोडू देत, शिवशरण स्वतःला सांगायचा. हात जोडून कुणी मेलंय का? आणि बुवांनी मागितल्या तेवढ्या प्रती त्यानं काढून दिल्या.

भाद्रपदात एके दुपारी स्टुडिओच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. सोजरबाई, समाधीच्या गावची. तिनं ओच्यातून फडक्याची घडी काढली, फडक्यातून एक कागद. कागद फुगला होता, कडा सुटल्या होत्या, वरचा थर साय निघावी तसा निघाला होता. फोटो म्हणावा असं त्यावर काही उरलं नव्हतं.

"आन्ना, बाबा पुसट झालेत," ती म्हणाली. "रोज बुडवतिया न्हवं पान्यात. नवं द्या की एक."

"कुणासाठी बुडवताय, मावशी?"

"माजा महिपती. गिरनीत हुता, सूतखात्यात. खोकला धरला, रगत पडाया लागलं. दवाखान्यात सुया चालू हुत्या, जरा उतार बी पडला हुता. पर बुवा म्हनालं, सुई न्हायतर म्हाराज, दोनातलं एक. मग सुई बंद क्येली." तिनं तो भिजका कागद पुन्हा घडीत घातला. "बरं वाटतंय म्हनतोय. पर उठवत न्हाय त्येला."

प्रत काढताना शेवटी फोटो औषधात बुडवायचा असतो आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवायचा असतो. घाईत काढलेल्या प्रती शिवशरणनं नीट धुतल्याही नव्हत्या. ते औषध त्या तीर्थात उतरलं असणार. पण त्याहून मोठं विष पाण्यात नव्हतं, त्याच्या गप्प बसण्यात होतं, हे त्याला त्या पायरीवर कळलं.

"मावशी, ते तीर्थ देऊ नका. ते महाराज न्हाईत. तो पक्षी हाय, माळढोक. माझी चूक झाली. आजच महिपतीला दवाखान्यात आणा."

सोजरबाईनं फडक्याची घडी ओच्यात खोवली. मग ती उठली. "बुवा म्हनालंच हुतं," ती शांतपणे म्हणाली. "परीक्षा बघायला जवळचाच मानूस फिरंल. तुमी नगा दिऊ फोटू. मी बुवाकडनं घ्येती."

नुसत्या सांगण्यानं भागणार नव्हतं. खोटं डोळ्यांना दाखवून पटवलं होतं, खरंही दाखवूनच पटवायला हवं होतं.

लगेचच्या गुरुवारी शिवशरण फोटो धुवायच्या औषधाच्या बाटल्या, थाळ्या, लाल दिवा आणि तोच कॅमेरा घेऊन माळावर उतरला. सोजरबाई महिपतीला गाडीत घालून दर्शनाला आली होती. गोधडीत गुंडाळलेलं ते पोर मोजून श्वास घेत होतं. शिवशरण बुवांच्या पाटाजवळ उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या हातांनी त्याला हार घातले होते त्याच हातांच्या मुठी वळल्या.

"फोटू खोटं बोलतो व्हय?" आबासाहेब गरजले.

"फोटो बोलतच नाही, पाटील. आपण बोलतो. मी दाखवतो. न पटलं तर मला ह्याच लिंबाला बांधा."

बुवांनी हात वर केला. "मंडळी, महाराज परीक्षा पाहत आहेत..."

"मग बघू द्या की," आबासाहेब म्हणाले. पाटलांना देवाबद्दल शंका नव्हती, पण कुणी समोर येऊन आव्हान दिलं की त्यांच्यातला पोलीस जागा व्हायचा.

जवळच्या वस्तीवर पाटलांचा पांढरा बोकड गोठ्याच्या अंधाऱ्या दारात बांधला. शिवशरणनं वर पाला लटकावला, बोकड मागच्या पायांवर उभा राहिला, खटका वाजला. मग सगळी गर्दी समाधीपाशी आली. शिवशरणनं कॅमेरा आबासाहेबांच्या हातात दिला.

"ह्या खिडकीत आकडा दिसतो?"

"दिसतो."

"बोकडाच्या येळचाच हाय का?"

"त्योच हाय."

"मी चावी फिरवली?"

"न्हाय. मी बगतच हुतो."

"मग आता तुमच्या हातानं दाबा."

पाटलांच्या बिनखिडकीच्या कोठीत, पोत्यांच्या आड, फिल्म धुतली. उन्हात ती वाळेपर्यंत बुवांनी दोन आरत्या उरकल्या, पण आवाज चढत नव्हता. मग शिवशरणनं लाल दिवा लावला आणि आबासाहेबांना व गावच्या दोघांना आत घेतलं. थाळीत कोरा कागद पडला होता. हळूहळू त्यावर लिंब उमटला, समाधी उमटली, आणि समाधीच्या वर, अधांतरी, दोन पायांवर उभा राहून आशीर्वाद देणारा बोकड उमटला. दाढी त्यालाही होतीच.

आबासाहेब ओला कागद घेऊन बाहेर आले. तो या हातातून त्या हातात फिरला. आधी कुणी हसलं नाही.

"बोकड हेसुद्धा महाराजांचंच एक रूप..." बुवांनी सुरुवात केली.

"मग आखाडात आबासाहेबांनी म्हाराजच कापलं व्हय?" मागून कुणीतरी विचारलं, आणि माळ हसला. शिवशरणनं पहिल्या फोटोची मोठी प्रत उलगडली, मुंडाशाखालची पुसट चोच बोटानं दाखवली. "ही तर आपली हूम की," एक मेंढपाळ म्हणाला. हूम म्हणजे माळढोकच. "आताशा दिसंनाशीच झाली हुती बगा." बुवा तोवर चौकट बगलेत मारून सडकेकडं निघाले होते. आबासाहेबांनी त्यांना अडवलं आणि चौकट काढून घेतली.

शिवशरण मात्र तिकडं पाहतच नव्हता. तो गाडीपाशी जाऊन महिपतीला उचलत होता.

दवाखान्यात डॉक्टर अजीजाबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "सुया चालू होत्या तेव्हा हा सुधारत होता," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "आता छातीच्या दोन्ही बाजू धरल्यात. औषध पुन्हा सुरू करते. पण शब्द देत नाही."

व्हरांड्यात सोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. शिवशरण समोर उकिडवा बसला.

"आन्ना, हार घातला त्या दिशी तुमाला ठावं हुतं का, ह्ये पाखरू हाय म्हून?"

"व्हय, मावशी."

"मग सांगितलं का न्हाय?"

पेढ्याचं कारण त्या व्हरांड्यात सांगण्यासारखं नव्हतं.

"बुवाचं सोडा," ती म्हणाली. "त्येचं पोटच त्येच्यावर हाय. आमी अडानी. तुमाला तर ठावं हुतं की." ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "फोटू लई गावांत गेल्यात. पार जेऊरापातूर. तितं जाऊन सांगा. हितं माज्यापुडं बसून काय उपेग."

महिपती दिवाळी पाहू शकला नाही.

शिवशरण गावोगाव जाऊ लागला. कुठं लोकांनी ऐकलं, कुठं हाकललं. जेऊरला स्टेशनजवळच्या पारावर त्यानं दोन्ही फोटो पुढं ठेवले, चावी कशी विसरली ते कॅमेरा उघडून दाखवलं. "देव माना, न माना, ते तुमचं तुमी बघा," तो म्हणाला. "पण काही नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी एक विचारा, हे झालं कसं? विचारल्यानं देव बाटत नाही. आणि खोकल्यातून रक्त पडतं त्या माणसाला पाणी नको, औषध द्या."

लोक बोकड बघून हसत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन त्या बाईच्या पोराचं काय झालं?"

हा प्रश्न प्रत्येक गावात कुणीतरी विचारायचंच, आणि प्रत्येक गावात शिवशरणला वाटायचं, एवढं तरी गाळावं.

"गेला," तो म्हणाला. "मी पहिल्या दिवशी बोललो असतो तर वाचला असता. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो."

पारावरचं हसणं थांबलं. शिवशरणनं सगळ्यांकडं पाहिलं.

"तुमच्या गावात तीर्थ कुणाला चालू हाय? आत्ताच सांगा. मी संगं येतो दवाखान्यात."

मग मागं बसलेली एक बाई उठली.

"माज्या सुनंला," ती म्हणाली.