दगडाच्या मागच्या बाजूला

घरामागचं बटाट्याचं शेतही संपलं नव्हतं, तोच टेसाला शू आली.

"आत्ताच विचारलं होतं ना गं बये?"

"तेव्हा नव्हती आली."

पाच वर्षांच्या मुलीशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय? मी मुकाट्याने गाडी वळवली. ओरिन, माझा नवरा, पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन लसूणघासात निघाला होता. आम्हाला परत आलेलं बघून थांबला. "जाऊन आलातसुद्धा? भलत्याच फास्ट की!"

"हस, हस. तुला काय जातंय हसायला."

पण तो हसला की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. विशेषतः त्या दिवशी बरं वाटलं, कारण आम्ही निघालो होतो थेनकडे.

थेन माझा पहिला नवरा. मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे सगळी माणसं आपापल्या गेलेल्यांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला जातात, तशी मी दरवर्षी मुलींना घेऊन आयडाहोहून खाली युटाला जाते. सॅनपीटच्या खोऱ्यात त्याचं गाव आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा घाटातल्या बर्फावरून त्याचा ट्रक घसरला आणि खेळ खलास झाला. ओरिन आला त्यानंतर कितीतरी काळाने. दोन्ही मुली ओरिनच्या. नाक ओरिनचं, कान ओरिनचे, हट्ट तर शंभर टक्के ओरिनचा.

आणि तरी त्या ओरिनच्या नाहीत.

आम्हा मॉर्मन लोकांत मंदिरात बांधलेली लग्नाची गाठ मरणाने सुटत नाही. माझी ती गाठ थेनशी आहे, आणि बाईला ती एकदाच बांधता येते. ओरिनशी माझं लग्न झालं ते या जन्मापुरतं. गाठ थेनची म्हणून माझ्या पोटी येणारी मुलंही, मरणाच्या पलीकडे, थेनची. हे सगळं मी ओरिनला लग्नाआधी समोर बसवून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "पलीकडचं देव बघेल. इकडचे पाइप मी हलवतो."

गाठ सोडवून घेता येते, चर्चच्या वरच्या मंडळींकडे विनंती करून. मी केली नाही. का नाही केली? थेनवर माझं प्रेम आहे म्हणून. अजून आहे. झालं समाधान?

मोठ्यांचं हे त्रांगडं मोठ्यांपाशीच राहिलं असतं. पण थंडीत एकदा थेनची आई, व्हर्डा, फोनवर ब्रिनला म्हणाली, "तुझा थेनबाबा तिकडे दारातच उभा असेल हं, तुला न्यायला." म्हातारीने लाडाने सांगितलं. ब्रिन माझी थोरली, तेव्हा तिला आठ पूर्ण व्हायला काही महिने होते. त्या दिवसापासून ती रिकाम्या खुर्चीकडे बघेना. न्हाणीघराचं दार लावू देईना. दारावर कुणी थाप मारली की जिन्यावर जाऊन बसायची आणि विचारायची, "माझ्यासाठी आहे का?" आठ वर्षं पूर्ण झाली की आमच्यात बाप्तिस्मा होतो, बापानेच मुलीला पाण्यात बुडवून वर काढायचं. तिने साफ सांगून टाकलं, मला नको. कारण म्हणून चकार शब्द काढला नाही.

गाडीत तिच्या शेजारची सीट मोकळी होती. तिने तिथे आमच्या सगळ्या पिशव्या रचल्या, उश्या ठेवल्या, वर जॅकेट टाकलं.

"अगं, खाली ठेव ना पिशव्या. पाय लांब कर."

"नको. तिथे कुणी बसेल."

टेसाने पिशव्यांकडे पाहिलं आणि चीजची कांडी सोलत म्हणाली, "मग तो डिकीत बसेल."

"टेसा, गप्प!" मी ओरडले. माझ्याच मानेवर काटा आला होता. डिकीत फुलांचे डबे होते, वळणावर एकमेकांवर आपटत होते. मला माहीत होतं की ते डबेच आहेत.

बराच वेळ झाल्यावर ब्रिन म्हणाली, "आई, थेन उंच होता?"

"होता."

"बाबापेक्षा?"

"थोडासा."

"म्हणजे पळायलाही जोरात असेल."

आरशात तिचा चेहरा दिसत होता. पांढराफटक. मी पेट्रोलपंपावर थांबले, दोघींना नारळाचं सिरप आणि साय घातलेला सोडा घेऊन दिला आणि स्वतःलाही मोठ्यातला मोठा ग्लास घेतला. आम्हाला दारू वर्ज्य, कॉफी वर्ज्य, मग बाईने असल्या वेळी करायचं काय?

व्हर्डाने हॅम भाजून ठेवलं होतं, चीज घातलेले बटाटे होते, हिरवी जेली होती. व्हर्डा शिवणकाम करते; गावातल्या नवऱ्या मुलींचे आणि मेलेल्यांचे पांढरे कपडे तिच्याच हातचे असतात. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "वाळलीस गं मार्ली. तुझा तो ओरिन जेवायला घालतो की नाही?"

"आई, स्वयंपाक मी करते."

"तेच म्हणते मी." आणि स्वतःच खुदकन हसली. ती वाईट बाई असती ना, तर माझं आयुष्य फार सोपं झालं असतं.

जेवून आम्ही दफनभूमीत गेलो. ऊन छान होतं, सगळं गाव तिथे लोटलं होतं, मुलं पळत होती. थेनचा दगड नवराबायकोचा जोडदगड आहे. डावीकडे त्याचं नाव, उजवीकडे माझं. माझ्या नावाखाली जन्माचं साल आणि पुढे कोरी जागा. आपलं नाव थडग्यावर बघायची सवय होते माणसाला. मी दरवर्षी आधी आपल्या बाजूचं गवत उपटते.

"मागच्या बाजूला जाऊन बघ ना," व्हर्डा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते, वाढदिवसाची भेट लपवून ठेवलेल्या माणसासारखे. "तुम्हा तिघींसाठी आहे."

दगडाच्या मागच्या बाजूला आमच्याकडे मुलांची नावं कोरतात. थेनच्या दगडाची मागची बाजू इतकी वर्षं कोरी होती. आता तिथे नवीन, पांढरी अक्षरं होती. ब्रिनने ती मोठ्याने वाचली, शाळेत वाचतात तशी.

"ब्रिन. टेसा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघींना "इथंच थांबा" म्हणून मी व्हर्डाला पाणी आणायच्या निमित्ताने नळाकडे ओढत नेलं.

"हे काय करून ठेवलंत, आई?"

"मुलींची नावं. अक्षर आवडलं नाही का?"

"अक्षराचं काय घेऊन बसलात! मला विचारायचं तरी."

"त्यात काय विचारायचं?" ती खरोखरच गोंधळली होती. "त्याच्याच आहेत ना?"

"त्यांना बाप आहे."

"आहे. चांगला आहे. त्याला इथे सगळं आहे, मार्ली. घर आहे, तू आहेस, पोरींचा चिवचिवाट आहे. माझ्या पोराकडे काय आहे? मी गेले की त्याच्या दगडावर फूल ठेवायला कोण येणार?" नळाखाली फुलांचा डबा भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. "एकटा आहे गं तो."

मीच नळ बंद केला. रागही आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींतलं काहीच धड बाहेर पडत नव्हतं.

परत आलो तेव्हा माझ्या बाजूच्या गवतावर, माझ्या नावासमोर, टेसा निजली होती. हात छातीवर जोडलेले. डोळे मिटलेले. अंगावर गळ्यापर्यंत फुलं. पोटही हलत नव्हतं.

"टेसा!"

मी किंचाळले. बाजूची माणसं वळून बघायला लागली. टेसाने एक डोळा उघडला, रोखलेला श्वास सोडला आणि कुजबुजली, "हलायचं नाहीये मला. ब्रिन म्हणाली. मी आता थेनची आहे. तिच्याऐवजी."

ब्रिन लांब फाटकापाशी उभी होती, गाडीजवळ, पळायच्या तयारीत.

तिच्याऐवजी. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्यांचा बाप्तिस्मा राहून गेला अशा मेलेल्या माणसांऐवजी आमची जिवंत माणसं मंदिरातल्या पाण्यात उतरतात. रविवारच्या वर्गात मुलांना हे शिकवतात, मीच शिकवते. एक माणूस दुसऱ्याच्या जागी उभा राहिला तर देवाला चालतं. पोरीने धडा बरोबर घेतला होता आणि आपल्या बहिणीवर लावला होता.

मी जाऊन तिचं बखोट धरलं. हात उगारला होता, तो तसाच राहिला, कारण तिने चुकवलासुद्धा नाही.

"त्याला एक पुरे आहे," ब्रिन म्हणाली. "टेसाला भीती नाही वाटत. मला वाटते. मला बाबाकडेच राहायचंय. मेल्यावरपण."

"ब्रिन..."

"तो येणार नाही ना न्यायला? तू सांग."

येणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. कुठलीही आई म्हणाली असती. पण माझा विश्वास आहे हो! थेन तिथे आहे यावर आहे, गाठ खरी आहे यावर आहे, आणि देवाच्या गोष्टीत मी मुलींशी खोटं बोलत नाही. ब्रिनने माझ्या चेहऱ्यावरचं सगळं वाचलं.

"बघ," ती म्हणाली. "तूसुद्धा नाही म्हणत नाहीयेस."

मागे व्हर्डा उभी होती. डबा तिच्या हातात कलला होता आणि पाणी तिच्या बुटांवर सांडत होतं. तिने सगळं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी जेलीला कुणी हात लावला नाही, आणि मी सकाळी निघाले तेव्हा तिने मुलींना जवळ घेतलं नाही, नुसती दारात उभी राहिली.

ओरिनला मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग ब्रिनला पाइप हलवायला बरोबर घेऊन गेला. काय बोलला ते मला ब्रिनकडूनच कळलं. तो म्हणाला होता, "पलीकडचं मला काही माहीत नाही, राणी. पण पाण्यात तुला मी धरलेलं असेन. मला पोहता येत नाही, तरीपण धरलेलं असेन." एवढ्यावर पोरगी बाप्तिस्म्याला तयार झाली.

मग व्हर्डाचा फोन आला. "मला काही नको. मला फक्त साक्षीदार कर."

मी नाहीच म्हणणार होते. ओरिन म्हणाला, "येऊ दे तिला. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. तिच्यापेक्षा चांगली नजर कुणाची मिळणार?"

साक्षीदाराचं काम साधं असतं. दोघे जण चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदाच्या दोन्ही कडांना उभे राहून बघतात. मुलगी संपूर्ण बुडायला हवी. केसाची बट, बोटाचं टोक, काहीही वर राहिलं तर तो बाप्तिस्मा धरत नाहीत, पुन्हा करायचा. एका कडेला आमच्या मंडळीतले एक म्हातारे बंधू होते, दुसऱ्या कडेला व्हर्डा.

ओरिन पांढऱ्या कपड्यांत कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. ब्रिनने त्याचं मनगट धरलं. त्याने उजवा हात वर केला, ठरलेले शब्द म्हटले आणि तिला मागे झुकवून बुडवलं.

व्हर्डाने मान हलवली. "पाय वर आला."

होतं असं. मुलं पाय ताठ करतात. लोक कौतुकाने हसले. ओरिनने तिला गुडघे कसे वाकवायचे ते दाखवलं आणि पुन्हा बुडवलं.

"परत आला!" टेसाने पुढच्या रांगेतून जाहीर केलं. व्हर्डाने मान हलवली.

तिसऱ्यांदा पाय घोट्यापर्यंत वर आला. सरळ, वर ओढल्यासारखा. आता कुणी हसलं नाही. ब्रिन खोकत बाहेर आली आणि ओरिनच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"मी नाही करत! मी गुडघे वाकवतेय, पण तो धरतो! तो पाय धरून ओढतो!"

"कोण गं?" ओरिनने विचारलं.

"थेन."

मी उठले. मला वाटतं, मी ओरडणार होते, व्हर्डावर, देवावर, कुणावर तरी. पण माझ्याआधी व्हर्डा हलली होती. गुडघेदुखीची बाई, ती हौदाच्या कडेला हात टेकून हळूहळू खाली बसली. तिने आपला हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. रविवारच्या ड्रेसची बाही भिजली. ब्रिनकडे नाही, ओरिनकडे नाही, ती खाली पाण्यात बघत होती.

"थेन," ती म्हणाली. "सोड तिला."

पोराने दुसऱ्याचं खेळणं उचललं की आई बोलते, त्या आवाजात.

"ती तुझी नाही. मी चुकीचं सांगितलं होतं. सोड, बाळा. आई सांगतेय ना."

पाणी हललं नाही. कुणीच हललं नाही. मग ती म्हणाली, "आता घे," आणि ओरिनने हात वर केला. शब्द म्हणताना तो मध्येच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. ब्रिन मागे झुकली. कपाळ गेलं, केस गेले, पांढरा झगा गेला, पाय गेले. क्षणभर पाण्यावर माझ्या मुलीचं काहीही उरलं नाही.

ती वर आली. तिने आधी आपल्या पायांकडे पाहिलं. मग उचकी लागल्यासारखी हसली.

व्हर्डाने म्हाताऱ्या बंधूंकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली, आणि मग तिनेही डोलावली. "सगळी बुडाली," ती म्हणाली. "झालं."

कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी तिने मला गाठलं. ओल्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. तिने माझं मनगट धरलं. एवढं घट्ट तिने मला थेन गेला तेव्हाही धरलं नव्हतं.

"तू तरी येशील ना गं त्याच्याकडे?"

तिच्या मागे ओरिन उभा होता, निथळत, ब्रिनला कडेवर घेऊन. त्याने ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मला काय वाटेल ते सांगता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं.

"येईन, आई," मी म्हटलं.

खरं तेच बोलले, आणि ओरिनला ते खरं आहे हे माहीत होतं. त्याने ब्रिनला खाली उभं केलं, टॉवेल घेतला आणि तिचे केस पुसायला लागला, हळूहळू, ओढले जाऊ नयेत म्हणून.